काळा ठिपका आणि आमची लॅब

बडोद्यात दांडिया बाजारात दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पाटीवर फक्त 'रक्त-लघवी तपासणी' एवढंच होतं. स्टूल कल्चर, म्हणजे शौचातले जंतू प्लेटवर वाढवून ओळखणं, नकोच, हे वहिनीचं ठाम मत. तीन दिवस राबा, वास सोसा आणि हाती येणार काय? हिशेब तिचा बरोबर होता. पण गल्लीतले बालरोगतज्ज्ञ दर पावसाळ्यात म्हणायचे, "अहो, किती दिवस अंदाजाने औषध देऊ?" म्हणून सुरू केलं.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. जंतू वाढवायचं मॅकॉन्की अगार ऑटोक्लेव्ह करायची, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवायची सवय, त्याच झोकात शौचातले रोगजंतू निवडणारं एसएस अगारही 121 अंशांवर टाकलं. ते नुसतं उकळायचं असतं, डब्यावर छापलेलंय. सगळी बॅच गेली.

पुढची चूक त्याहून वाईट. एका मुलाच्या एसएस प्लेटवर रंगहीन कॉलन्या आणि मधोमध काळा ठिपका. साल्मोनेला, टायफॉइड-जुलाबाचा जंतू! मी डॉक्टरांना फोन करूनही मोकळा. वहिनी काही न बोलता युरियाची नळी लावून बसली होती. चार तासांत ती गडद गुलाबी झाली. साल्मोनेला युरिया फोडत नाही, प्रोटियस नावाचा दुसरा जंतू फोडतो. आणि तो तर चांगल्या माणसाच्याही पोटात असतो. परत फोन करून माफी मागितली. तेव्हापासून स्लाइडवर अँटिसेरमने, म्हणजे त्या जंतूला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रवाने, गुठळ्या दिसल्याशिवाय मी फोनला हात लावत नाही.

सँपलची तऱ्हा वेगळीच. रक्ती आवेचा जंतू शिगेला शौचात फार लवकर मरतो, दोन तासांत आणा म्हटलं, तर एक आजी आदल्या रात्रीचं सँपल श्रीखंडाच्या डब्यात घेऊन हजर. वर "डबा परत द्याल ना?" आता आम्हीच कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमाच्या, नळ्या घरी देतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी सँपल घ्या, हे मात्र अजून घसा फोडून सांगावं लागतं.

31 जुलै 2019ला शहरात दिवसभरात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला. विश्वामित्री नदीच्या मगरी रस्त्यावर, आमची वीज बंद, इन्क्युबेटर थंड. आतल्या प्लेट गेल्याच. पाणी ओसरलं तशी जुलाबाच्या पेशंटची रांग लागली. इन्व्हर्टर त्याच महिन्यात कर्ज काढून घेतला. कॉलऱ्यासाठी टीसीबीएस अगार आता जूनपासूनच फ्रिजमध्ये तयार; त्यावर पिवळी कॉलनी, म्हणजे कॉलऱ्याचा संशय, उगवली की आम्ही दोघंही जेवायला घरी जात नाही.

पाटी अजून तीच आहे. पेंटर आला की वहिनी म्हणते, 'स्टूल' हा शब्द दारावर नको.