आमची वाटचाल : ‘कार ली’ म्हणजे मला थंडी वाजते

ठाण्यातल्या आमच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, घरात हिब्रू रोज कानांवर पडत असे, परंतु ती प्रार्थनेपुरतीच. आजोबा सिनेगॉगमध्ये पानेच्या पाने झरझर म्हणत आणि अर्थ विचारला की शेजारच्या मराठी भाषांतरावर बोट ठेवत. त्यामुळे इस्राएलमध्ये येऊन अश्दोदला स्थायिक झाल्यावर माझी अवस्था चमत्कारिक झाली, कारण मला अक्षरे सगळी वाचता येत होती, पण पावाच्या दुकानात सुटे पैसे मागता येत नव्हते.

इथे नव्याने येणाऱ्यांसाठी ‘उलपान’ नावाचे भाषावर्ग असतात. पहिला उलपान 1949 साली जेरुसलेममध्ये सुरू झाला आणि आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच तास, असे पाच महिने हा साचा तेव्हापासून रुळला. तिथे ‘इव्रीत बे-इव्रीत’, म्हणजे हिब्रूतूनच हिब्रू शिकवतात. एका बाकावर रशियन, अम्हारिक, स्पॅनिश आणि मराठी बोलणारे बसलेले असताना दुसरा इलाजही नसतो. मी तिथे विद्यार्थिनी म्हणून शिकले, पुढे काही वर्षे साहाय्यक शिक्षिका म्हणून काम केले आणि मग बचतीच्या पैशांतून भाड्याच्या एका खोलीत स्वतःचे वर्ग काढले.

पहिले गिऱ्हाईक ठरवले होते ते महाराष्ट्रातून वृद्धांच्या सेवेसाठी येणाऱ्या केअरगिव्हरांचे. देवनागरीत उच्चार दिलेली एक छापील पुस्तिका तयार केली, फळा आणला आणि सहा महिन्यांत वर्ग ओस पडला. चूक सर्वस्वी माझी होती. या मंडळींना आठवड्यातून एकदा सुट्टी मिळते, ती बहुधा शनिवारी. त्या दिवशी बस धावत नाहीत आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, असल्यामुळे आमचेही दार बंद असते. हे मला आधी कसे सुचले नाही, याचे आजही नवल वाटते. शेवटी पुस्तिकेचा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि फोनवर ध्वनिमुद्रित धडे पाठवायला सुरुवात केली. ते धडे बायका रात्री घरातले आजी-आजोबा झोपल्यावर ऐकत आणि उत्तरे कुजबुजत्या आवाजात परत पाठवत.

ती उत्तरे ऐकताना मला एक गोष्ट उमगली आणि आमचा धंदा पुढे तिच्यावरच उभा राहिला. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी बेतलेल्या धड्यांत ‘कार ली’ हे वाक्य अवघड म्हणून फार उशिरा येते, कारण त्यात ‘मी’ हा कर्ताच नाही. शब्दशः ते ‘गार मला’ असे आहे. आमच्या बायकांना मात्र त्यात काहीच वावगे वाटेना. ‘खाम ली’ म्हणजे मला उकडते, ‘काशे ली’ म्हणजे मला जड जाते, आणि ‘येश ली’ म्हणजे माझ्याकडे आहे. मालकी सांगायला ‘असणे’ सोडून वेगळे क्रियापद मराठीलाही लागत नाही आणि हिब्रूलाही. ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिते’ यांतला फरक ‘अनी कोतेव’ आणि ‘अनी कोतेवेत’ यांत जसाच्या तसा सापडतो. ‘चमचा’ म्हणणाऱ्या जिभेला ‘त्स’ उच्चाराचे ‘त्सादी’ हे अक्षर शिकवावेच लागत नाही.

अडते ते भलतीकडेच. मराठी कानाला शेवटचा ‘आ’ पुल्लिंगी वाटतो, घोडा किंवा मुलगा यांसारखा, आणि हिब्रूत तोच स्त्रीलिंगाची खूण असतो; ‘मोरे’ म्हणजे शिक्षक आणि ‘मोरा’ म्हणजे शिक्षिका. (तीनपासून दहापर्यंतच्या आकड्यांत मात्र हिब्रूच उलटी फिरते, ‘श्लोशा’ पुल्लिंगी आणि ‘शालोश’ स्त्रीलिंगी, आणि आमची माणसे योगायोगाने बरोबर येतात.) त्याहून मोठी अडचण आदराची. हिब्रूत आदरार्थी ‘तुम्ही’ नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने सांभाळायला मिळालेल्या नव्वदीच्या आजींना पहिल्याच सकाळी, तू कसे म्हणायचे म्हणून, अनेकवचनात ‘अतेम रोत्सिम ते?’, म्हणजे चहा घेता का, असे विचारले. आजींनी मान वळवून दाराकडे पाहिले आणि आणखी कोण आले आहे, असे तिलाच विचारले.

हे सारे ज्यांना ठाऊक हवे ते शिक्षक होते, आणि नेमके त्यांनाच ते ठाऊक नव्हते. मातृभाषा म्हणून हिब्रू बोलणारी व्यक्ती ती शिकवूही शकते, हा समज इथेही पक्का आहे. म्हणून आम्ही शिकणाऱ्यांचे वर्ग निम्म्यावर आणून शिक्षकांसाठी ‘हिश्तल्मुत’, म्हणजे सेवांतर्गत प्रशिक्षण, सुरू केले. तीस तासांच्या या अभ्यासक्रमातला पहिला तास मी संपूर्ण मराठीत घेते आणि त्यात हिब्रूचा एक शब्दही उच्चारत नाही. पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या बाई ‘ळ’ म्हणताना लालेलाल होतात आणि मूल नपुंसकलिंगी का, या प्रश्नावर हात टेकतात, तेव्हा पुढचे एकोणतीस तास सोपे जातात. दुसऱ्या दिवशी सामेख (स), पे (प किंवा फ), रेश (र) ही तीनच अक्षरे स्वरचिन्हांशिवाय फळ्यावर लिहितो आणि नवशिक्याला त्यात काय दिसते ते विचारतो, कारण त्यांतून ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक, ‘सापार’ म्हणजे न्हावी आणि ‘साफार’ म्हणजे त्याने मोजले, असे तिन्ही निघते.

पैशांच्या बाजूने हा निर्णय सोपा नव्हता. शिक्षक पगारवाढीला धरले जाणारे तास शोधतात, आणि आमच्यासारख्या तीन माणसांच्या संस्थेला तशी मान्यता नव्हती. एका मोठ्या संस्थेने आमचा आराखडा मागवून घेतला, चार महिने उत्तर दिले नाही आणि नंतर त्याच धर्तीचा वर्ग स्वतःच जाहीर केला. तेव्हापासून आराखडा आधी पाठवत नाही, समोर बसून दाखवतो. आता दोन महाविद्यालये मान्यतेची कागदपत्रे स्वतः सांभाळतात आणि आम्ही फक्त शिकवतो. त्यांचा वाटा कापून हाती थोडे कमी येते, पण वर्ग भरतो.

मराठीतून हिब्रू शिकवणे ही काही आमची नवी शोधयात्रा नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून 1832 मध्येच मुंबईत छापले होते, आणि डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. माझे आजोबा बोट ठेवत ते त्या परंपरेतल्याच पानांवर. माळ्यावरची पुस्तिका यंदा खाली काढली आहे. देवनागरी उच्चार पहिल्या दहा धड्यांनंतर गाळून टाकायचे आणि ‘मला’ची वाक्ये पहिल्याच पानावर घ्यायची, असे ठरले आहे. सुक्कोतचा सण उलटला की नव्या तुकडीबरोबर ती वापरून पाहू.