मानाचं पान

भाच्याने जपानहून येताना माझ्यासाठी दहा हजार येनची नोट आणली. "मामा, ही मोडायची नाही, काचेखाली ठेवायची," म्हणाला. तेव्हापासून ती रबाळ्याच्या युनिटमध्ये माझ्या टेबलावर आहे, एमआयडीसीच्या पाणीबिलाशेजारी. आमचा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय, चौदा माणसं, आणि पावसाळ्यात हमखास मऊ पडणारा माल.

जुलै 2024 पासून या नोटेवर एइची शिबुसावा आहे. कोटातला एक म्हातारा. पाचशेच्या आसपास कंपन्या उभ्या करायला याचा हात लागला. बँक, कागद, सूत, विमा, रेल्वे. जवळपास सहाशे शाळा, अनाथाश्रम, समाजकार्याच्या संस्था वेगळ्याच. जन्म 1840 चा, सध्याच्या फुकायातला, शेतकऱ्याच्या घरचा. 1867 मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, भावाबरोबर पॅरिसचं प्रदर्शन बघून आला, सरकारात अर्थखात्यात बसला आणि 1873 मध्ये ती खुर्ची सोडून जपानची पहिली आधुनिक बँक चालवायला गेला. आमच्याकडे लोक उलट दिशेने जातात.

पण मी अडकलो ते त्याच्या निळीपाशी.

घरचा धंदा निळीचा. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून निळीची पानं घ्यायची, आंबवायची, गोळे करून रंगाऱ्यांना विकायचे. तेरा-चौदा वर्षांचा असताना हा पोरगा एकटाच खरेदीला गेला. पानं हातात घेऊन सांगायचा, याला खत कमी पडलंय, हे नीट वाळलेलं नाही. मोठी माणसं थक्क. पुढे त्याने सुमो पैलवानांची लावतात तशी निळीवाल्यांची क्रमवारी लावली, त्यांना जेवायला बोलावलं आणि पंगत त्याच क्रमाने बसवली. ज्याचं पान उत्तम त्याला मानाचं पान, मग तो गावातला कितीही लहान शेतकरी असो. पुढच्या वर्षी वर सरकायचं म्हणून सगळे जिद्दीला पेटणार! भाव पाडायचा नाही, दमदाटी नाही.

1916 मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्याचं नावच कन्फ्यूशियसची वचनं आणि अबॅकस. म्हणजे नीती आणि हिशेब एकाच पाटावर. (ऐरोलीत दर सेक्टरला अबॅकस क्लासची पाटी आहे. माझी मुलगी दोन वर्षं जाते, मणी झरझर सरकवते. वचनांचा क्लास अजून कुठे दिसला नाही.)

आपल्या बाजूचा धागाही आहे. 1893 मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा शिबुसावांना भेटले. जपानच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता आणि या मार्गावर पी अँड ओ वगैरे विलायती जहाजांची मक्तेदारी. त्याच वर्षी मुंबई-कोबे जपानी जहाजं सुरू झाली.

माणूस देव नव्हता. आशिओच्या तांब्याच्या खाणीत सुरुवातीला त्याचेही पैसे होते, आणि त्या खाणीच्या विषाने वातारासे नदीकाठची शेतं गेली. कारखाना कायद्यालाही आधी त्याचा विरोध होता. हे वाचून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता माझं सांगतो. एका मोठ्या पार्टीकडे माझे पैसे साडेतीन महिने अडकलेत. लहान कारखान्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण कायदा दाखवला की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते, म्हणून तक्रारीऐवजी "सर, जरा बघा ना" एवढंच. परवा वैतागून मीही क्रमवारी लावायला बसलो, माझ्या गिऱ्हाइकांची. वेळेवर पैसे देणारे वर, ती पार्टी शेवटी. मजा आली. मग पान उलटलं तर खाली देण्यांची यादी. पेस्टिंगचा गोंद देणारे एक काका आहेत तळोज्याचे, त्यांचं बिल नव्वद दिवसांचं. काका फोन करतात, "साहेब, जमेल तसं बघा," म्हणतात आणि ठेवून देतात.

काकांनी पंगत बसवली तर मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी. दुपारी अर्धी रक्कम पाठवली. उरलेली पंधरा तारखेला, असं मेसेजमध्ये लिहिलंय. काकांचा अंगठा आला.