गाजराचा पेलाभर रस की एक उकडलेले रताळे?

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत गाजरांचे ढीग लागतात आणि महाशिवरात्र जवळ आली की शेजारी रताळी दिसू लागतात. याच दिवसांत आमच्या घरी एक वाद रंगतो. बाबांना सकाळी फिरून आल्यावर गाजराचा रस हवा असतो आणि आईचे म्हणणे असते की त्यापेक्षा एक रताळे उकडून खावे. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे हा नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न मानणे मला पटेना.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात १०० ग्रॅम गाजराच्या रसाचे उष्मांक सुमारे ४० आणि साल काढून उकडलेल्या तेवढ्याच रताळ्याचे ७६ दिले आहेत. एवढेच वाचले तर रस हलका वाटतो. परंतु बाबा १०० ग्रॅम रस पीत नाहीत, पेला भरून, म्हणजे साधारण २४० ग्रॅम पितात. त्या पेल्याचा हिशेब केला, तर उष्मांक सुमारे ९५ आणि कर्बोदके २२ ग्रॅम होतात, आणि सव्वाशे ग्रॅमच्या मध्यम रताळ्याचेही आकडे जवळजवळ हेच येतात.

फरक आहे तो तंतूंचा. पेलाभर रसात ते दोन ग्रॅमही भरत नाहीत, तर रताळ्यात तीन ग्रॅमच्या वर असतात. शिवाय रताळे चावून खावे लागते आणि रस दोन घोटांत संपतो. मात्र रताळे उकडलेलेच हवे, कारण भाजलेल्या रताळ्याने रक्तातील साखर अधिक वेगाने वाढते. पोटॅशियम रसात बरेच जास्त, पेल्याला सुमारे ७०० मिलिग्रॅम, म्हणून ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज रस घेऊ नये.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र आईची बाजू लंगडी पडते, आणि हे मला तिला नीट समजावून सांगावे लागले. रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते असे जे सगळीकडे लिहिलेले आढळते, ते नारिंगी गराच्या रताळ्याविषयी असते. आपल्या मंडईतले रताळे वरून लालसर असले तरी सुरी फिरवली की आत पांढरे निघते. ज्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, त्याचाच तो नारिंगी रंग; तो नाही, तर ते जीवनसत्त्वही नावापुरतेच. गाजराच्या अर्ध्या पेल्यात मात्र प्रौढ माणसाची दिवसाची गरज भागते.

गेल्या रविवारी मी अर्धा किलो गाजरे मिक्सरमधून काढून फडक्यातून पिळली. पेलाभर रस निघाला आणि फडक्यात मुठीएवढा केशरी चोथा उरला. तंतूंचा मोठा भाग त्यातच होता आणि रंगही पुष्कळ शिल्लक होता. तो टाकून देणे जिवावर आले. आईने तो ज्वारीच्या पिठात, तीळ आणि लसूण घालून मळला आणि त्याचे धपाटे लावले. बीटा कॅरोटिन अंगी लागायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतो, ते काम तव्यावरच्या तेलाने आणि सोबतच्या शेंगाचटणीने केले.

सध्या बाबांना सकाळी उकडलेले रताळे मिळते, तेही सव्वाशे ग्रॅम वजन करूनच. आणि गाजर रोजच्या जेवणात कोशिंबिरीतून, वर तेलाची फोडणी देऊन.