टवका कुठे उडालाय?

जुन्या बाटलीचा भाव तिच्या तोंडात असतो. बूड घासलेलं असलं तरी खपतं, कारण शंभर वर्षं फळीवर सरकवलेली बाटली बुडाशी घासणारच. अंगावरचे बारीक ओरखडेही पोटात घालता येतात. पण ओठाचा टवका उडालेला असला की घेणाऱ्याचं बोट आधी तिथंच जातं, आणि विकणारा म्हणतो, "ताई, एवढंसं तर गेलंय, त्यात काय!" त्यातच सगळं असतं.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर काच हाताळून पोट भरत नाही का, असं सासूबाई विचारतात. नाही भरत. माझ्याकडे दोनच तऱ्हेच्या बाटल्या आहेत, सोड्याच्या आणि औषधाच्या. औषधाच्या मिरजेत मिळणारच, डॉ. वानलेस यांनी इथं १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. सोड्याच्या मात्र शोधाव्या लागतात, आणि त्याला कारण पोरं.

गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची. त्याने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची, आतला गॅस गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणून बुचाची गरजच नाही. युक्ती झकास, पण आतली गोटी बाहेर काढायला बाटली फोडण्यावाचून उपाय नाही, हे पोरांना लगेच कळलं. विलायतेतही फोडल्या आणि आपल्याकडेही. त्यामुळे जुनी, धड मानेची बाटली कमी. त्यात निळीसारखी गडद निळी तर फारच कमी, आणि तिथे हिशेब बदलतो. पांढऱ्या, नेहमीच्या बाटलीला तडा गेला की ती भंगाराच्या भावाची, कारण तशी धड दुसरी पुढच्या महिन्यात मिळते. निळीला तडा गेला तर किंमत पडते, पण संपत नाही. धड सापडेपर्यंत लोक तीच जवळ ठेवतात. आणि आपल्याकडे गोटी सोडा अजून विकला जातो, तेव्हा एकही टवका नसलेली चकाचक बाटली समोर आली तर आधी ती कालपरवाची तर नाही ना, हे बघा.

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भट्टीतल्या खोडीबद्दल. काचेत बुडबुडे आहेत, मान किंचित वाकडी आहे, ओठ एका बाजूला जाड आहे, म्हणून घासाघीस करणारे मी पाहिलेत. ती खोड जन्माची. हाताने ओठ चढवलेल्या बाटलीत ती असणारच, आणि मला तरी ती आवडते. ओळखायचं नखाने. भट्टीत झालेली कड गरम असतानाच वितळून गोल झालेली असते, नख घसरतं. नंतर उडालेला टवका नखाला धारेसारखा लागतो. फक्त बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटला असेल तर त्याला खड्डा धरतात आणि थोडं कमी देतात.

तड्याचं तसं नाही. टवका आहे तेवढाच राहतो, तडा वाढतो. जुनी काच भट्टीतून निघाल्यावर पुरेशी सावकाश निवलेली नसली तर तिच्या पोटात ताण राहतो. अशी बाटली घरी आणून कढत पाण्यात टाकली की आपल्यासमोरच दोन होतात. कोमट पाणी, मऊ ब्रश, बस्स.

आता धूसरपणा. हा मला सगळ्यात जास्त छळतो, कारण नदीकाठची बाटली म्हणजे ओल आली. पांढरा थर क्षारांचा असेल तर व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर निघतो. पण ओल्या मातीत वर्षानुवर्षं पडलेल्या काचेतून सोडियम झिरपून जातो आणि वरचा पापुद्राच बदलतो. तिथे धुण्यासारखं काही नसतं, काचच आजारी असते. गंमत म्हणजे रोमन काळातल्या काचेवर याच कारणाने इंद्रधनुष्यी झाक येते आणि तिच्यावर लोक जीव टाकतात. माझ्या सोड्याच्या बाटलीवर आली तर तोच दोष! हा धूसरपणा ओल्यात दिसत नाही. म्हणून आतून तेलाचा हात फिरवून बाटली विकायला ठेवणारे असतात. आत बोट घाला, वास घ्या, आणि तुमच्यासमोर साबणाने धुऊन पुसायला सांगा. कुरकुर केली तर चालू लागा.

यावर एक इलाज आहे. तांब्याच्या तारेचे तुकडे, पॉलिशची पूड आणि पाणी घालून बाटली यंत्रावर काही दिवस सावकाश फिरवायची. वरचा थर निघतो, पण उठावाची अक्षरंही किंचित बोथट होतात. केलं असेल तर सांगून विका, एवढंच माझं म्हणणं. न सांगता भरलेल्या टवक्याला तर मी फसवणूकच म्हणेन. इपॉक्सी भरून घासलेला ओठ दिवसाउजेडी ओळखू येत नाही. आमच्या यजमानांच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे, त्याखाली भरलेला भाग दुधाळ उजळतो आणि काच बाजूला वेगळी दिसते. शंका आली की मी बाटली तिथे नेते. गिऱ्हाइकं चकित होतात.

औषधाच्या बाटलीत काचेइतकाच कागद मोलाचा. कंपाउंडर मिक्स्चर देताना बाटलीवर खाचा कातरलेली पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. तशी पट्टी शाबूत असलेली बाटली, ओठ किंचित उडालेली असली तरी, मी कोऱ्या बाटलीच्या आधी उचलते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका काकांच्या माळ्याखालच्या खोक्यातल्या पट्ट्या आणि लेबलं चिखलात गेली. बाटल्या सगळ्या धड. काका म्हणाले, "काचंला काय झालं नाही बघ." खरं होतं, पण नुसत्या काचेचे फारसे पैसे येत नाहीत, हे त्यांना सांगायला मला जड गेलं.

कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील जुन्या बाजारात अजून दिसतो, पण काच बहुतेक नंतर बदललेली असते. पत्रा टिकतो, काच फुटते. त्यामुळे मूळच्या काचेसाठी मी तडा असला तरी पैसे मोजायला तयार आहे. कुणाकडे ओगले नाव असलेली काच असेल तर कळवा. फोटो तड्याच्या बाजूने, उन्हात काढलेला हवा. चांगली बाजू मी नंतर बघीन.