समासनोंदी १४ : कापलेली क्रियापदं

शेवटी सुटलं. सगळं नाही, पण सुटलं. जुन्या पुस्तकांच्या समासात आधीच्या वाचकांनी खरडलेलं वाचायचा माझा नाद, त्यातलंच हे कोडं.

‘मुंबईचे वर्णन’च्या १९६१च्या आवृत्तीवरून मी मागच्या वेळी रडलो होतो, आठवत असेल. माडगांवकरांनी १८६३ साली छापलेल्या मुंबईशी कुणीतरी समासात पेन्सिलीने पानोपानी भांडलंय, आणि कुण्या बाइंडरने रेक्झिनचा पुठ्ठा चढवताना तीन बाजूंनी मशीन मारून ते भांडण मधेच तोडलंय. पाच-सहा मिलिमीटर गेलेत. डाव्या पानांवर ओळींची तोंडं उडाली, ते एक वेळ चालतं. उजव्या पानांवर शेपट्या उडाल्या, म्हणजे मराठीत नेमकी क्रियापदं! ‘ही विहीर अजून’... पुढे आहे की नाही? ‘हे नाव लोकांत राहिले’... आहे की नाही? प्रतिक्रिया हाताशी आहे, पण होकार की नकार ते कळत नाही.

अतिनील टॉर्चचे साडेचारशे रुपये पाण्यात गेले. शाईसाठी ठीक असेल, पेन्सिलीला त्याचं सोयरसुतक नाही. कुणी घेऊ नका. कामी आलं ते घड्याळवाल्याचं दहापट भिंग आणि पानाला जवळजवळ चिकटवून धरलेली मोबाइलची बॅटरी. तिरप्या उजेडात पेन्सिलीचा दाब खाचेसारखा उठतो. कापलेल्या कडेवर शेवटच्या अक्षराचा केसाएवढा भाग उरलाय, आणि तेवढा पुरतो! ‘आ’ची डावी बाजू म्हणजे वरखाली दोन वळणं. ‘ना’ची डावी बाजू म्हणजे मधल्या उंचीवर एकच गाठ, शिरोरेघेपासून सुटी. परवा रात्री हे डोक्यात आलं आणि अडीचपर्यंत बसलो. सदतीस अडलेल्या नोंदींपैकी बावीस लागल्या.

आणि माझी पंचाईत झाली. बावीसपैकी सतरा ‘आहे’! ज्याला मी तीन नोंदी भांडखोर म्हणत आलो, तो शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली गावाची हजेरी घेत होता. विहीर आहे, देऊळ आहे, नाव आहे. तलावांच्या भागात मात्र लागोपाठ ‘नाही’. तेही बरोबरच. कधीच बुजवलेल्या धोबीतलावाला पाणी शोधायला कोण जाणार? नोंद ११ आणि १२ मधलं माझं ‘चिडका वाचक’ प्रकरण मागे घेतो.

बाकीचं थोडक्यात. ‘बटाट्याची चाळ’ची पाचवी प्रत माटुंग्याच्या फुटपाथवर मिळाली. पात्रांच्या नावांपुढे शेजाऱ्यांची नावं लिहिलेली ही तिसरी. एका नावावर नंतर निळ्या शाईने काट मारलीय. भांडण मिटलं असावं, किंवा प्रत त्याच शेजाऱ्याला वाचायला दिली असावी. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’च्या प्रतीत तेंडुलकरांच्या प्रस्तावनेला एक रेघ नाही. कवितांच्या पहिल्या चार पानांवर शब्दांचे अर्थ, पाचव्यापासून नुसत्या उभ्या रेघा. हिच्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं होतं. पुढे ढकलतो, कारण लिहिता लिहिता परत पहिल्या पुस्तकाकडे गेलो.

आगगाडीच्या भागात उजव्या पानावर आहे : ‘आगगाडी राहिली, ट्राम गेली. ३१-३-६४, शेवटच्या ट्रामला मी गेलो’. इथे कापलंय. ‘गेलो’मुळे हे गृहस्थच, हे पक्कं झालं, आजवर उगाच अंदाजाने आजोबा म्हणत होतो. आता भिंग लावलं. ‘होतो’ असतं तर ‘ह’चा दांडा शिरोरेघेतून खाली आला असता. दिसतेय ती मधल्या उंचीवरची सुटी गाठ. न. नव्हतो किंवा नाही. बोरीबंदरहून दादरला निघालेल्या त्या गाडीला अर्धी मुंबई लोटली आणि हा गेला नाही, वर ते लिहूनही ठेवलं.

का? त्याखाली एक छोटा बाण आहे, तो शिवणीत शिरतो.

समास भरला की हे आत लिहितात, हे मला आधी सुचायला हवं होतं. फुटपाथवरून घेतलेली प्रत उसवायची नाही, हा माझाच नियम आणि मीच तो सगळ्यांना ऐकवलाय. स्वच्छ करून, नवी बांधणी करून दुप्पट भाव लावणाऱ्या विक्रेत्यांना शिव्याही मीच घालतो. त्यापेक्षा धुळीसकट देणारा रद्दीवाला परवडला. पण ही शिलाई मूळची नाहीच, बाइंडरची आहे. आणि बाण एकाच पानावर नाही. आत्ताच मोजले, नऊ निघाले.

कुणाकडे जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिलाई, उसवायची बारीक सुरी असेल तर रविवारपर्यंत सांगा.