नोतानच्या वर्गाची नोंद: काळ्या चौरसापासून कोरिनच्या नदीपर्यंत

तुकडी आठवी-नववीची. बहुतेकांनी एलिमेंटरी दिलेली, म्हणजे हात बरा आहे, पण सवय एकच: आधी पेन्सिलीने बाह्यरेषा, मग आत रंग. नोतानमध्ये, म्हणजे काळ्या-पांढऱ्या आकारांच्या जपानी मांडणीत, हीच सवय आडवी येते. काळा आकार नीट उतरला की मुलांना काम झाल्यासारखं वाटतं. भोवतीचं पांढरं ही त्यांच्या लेखी उरलेली जागा. त्या पांढऱ्यालाही आकार म्हणून बघायला लावायचं, एवढ्याचसाठी सगळे पाठ आहेत. म्हणून सुरुवातीला पेन्सिल आणि खोडरबर दप्तरातच राहतात.

यिन-यांगचं चिन्हही सुरुवातीला दाखवत नाही. एकदा दाखवलं की सगळ्यांच्या कागदावर त्याच दोन मासोळ्या येतात.

चौरस उलगडणे

हा पाठ जपानी परंपरेतला नाही, अमेरिकेतल्या कलावर्गांत रुळलेला आहे. अमेरिकन अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा १८७८ मध्ये टोकियोला शिकवायला गेला, तो परतल्यावर कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊने त्याचे विचार उचलले आणि १८९९ च्या आपल्या पुस्तकात रेषा, नोतान आणि रंग अशी शिकवण्याची चौकट मांडली. अमेरिकेतल्या चित्रकलेच्या वर्गांत नोतान पोचलं ते मुख्यतः या वाटेने.

साहित्य: १० × १० सेंमीचा काळा चौरस, २० × २० सेंमीची पांढरी कार्डशीट, टोकदार छोटी कात्री, ग्लू स्टिक. काळा कागद दोन्ही बाजूंनी काळाच हवा. दुकानात नुसता ‘काळा कागद’ मागितला तर घोटीव कागद हातात पडतो. त्याची पाठ पांढरी असते आणि या पाठात कापलेला प्रत्येक तुकडा उलटतो, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरं चिकटवून बसायची वेळ येते. काळी पेस्टल शीट घ्या, तिचा रंग आरपार असतो. पातळ फेविकॉल नको. त्याने कागद गोळा होतो आणि काळ्यावर चकचकीत डाग राहतात.

कृती अशी. चौरसाच्या एका कडेतून कात्री आत न्यायची आणि त्याच कडेवर बाहेर काढायची. निघालेला तुकडा कडेच्या रेषेवर दारासारखा बाहेर उघडायचा. काही फेकायचं नाही, बाहेरून काही आणायचं नाही. सगळे तुकडे परत आत मिटले तर अखंड चौरस मिळायला हवा.

नव्वद टक्के गडबड इथेच होते: मुलं तुकडा उलटण्याऐवजी फिरवतात. तपासणं सोपं आहे. तुकड्याच्या तळाची दोन्ही टोकं खाचेच्या दोन्ही टोकांना भिडली पाहिजेत आणि उतार उलटा दिसला पाहिजे. आणखी एक खूण म्हणजे, शेजारच्या दोन कडांचे तुकडे कोपऱ्याबाहेर एकमेकांवर चढले असतील तर कुणीतरी नक्की फिरलंय किंवा सरकलंय. वरच्या कडेचा तुकडा सरळ वर उलटतो, तो चौरसाच्या रुंदीबाहेर जाऊच शकत नाही. एक तुकडा कापला की लगेच उलटून जागेवर ठेवायचा, मगच पुढचा कापायचा. चिकटवणं सगळ्यात शेवटी. चारही कडा कापून ढीग केला की कोणता तुकडा कुठला ते कुणालाच कळत नाही.

खाचेची खोली ४ सेंमीपर्यंतच ठेवा. समोरासमोरच्या खाचा मध्ये भेटल्या तर चौरसाचे दोन तुकडे होतात. दोन खाचांमध्ये काळी पट्टी ५ मिमीपेक्षा बारीक राहिली तर ती चिकटवतानाच फाटते.

खालच्या कार्डशीटचं माप बदलून मोठा फरक पडतो. काळं नेहमी १०० चौरस सेंमीच राहतं. २० च्या कार्डशीटवर ते पाव भाग होतं, १६ च्या कार्डशीटवर साधारण ३९ टक्के, आणि १४ च्या कार्डशीटवर जवळजवळ निम्मं. पण १४ च्या कार्डशीटला चारही बाजूंना २ सेंमीच जागा उरते, म्हणजे खाचही तेवढीच. पहिल्या वेळी २०, सरावल्यावर १६. निम्मं-निम्मं झालं की चित्र बहुधा थिजतं, असं आमचं मत. कोणीतरी एक थोडं वरचढ हवं.

आकारात आकार करायला मुलं घाबरतात, पण युक्ती साधी आहे. बाहेर उलटलेल्या तुकड्याच्या तळातून छोटा आकार कापा आणि तो त्याच रेषेवर परत आत उलटा. तो मूळ जागीच येऊन बसतो. खाचेत काळं बेट, बाहेरच्या तुकड्यात तेवढंच पांढरं भोक. इथे पहिल्यांदा मुलं पांढऱ्याला ‘हा आकार’ म्हणायला लागतात.

मोनकिरी

घराण्यांची चिन्हं, म्हणजे कामोन, कागदाच्या घडीतून कापण्याचा हा जपानच्या एदो काळातला (१६०३–१८६८) खेळ. १५ सेंमीचा चौरस कर्णावर दुमडायचा, मग तिहेरी घडीसाठी ६० अंशांचे तीन भाग किंवा आलुबुखाऱ्याच्या पाच पाकळ्यांसाठी ३६ अंशांचे पाच. पाचाच्या घडीत दहा थर येतात. पेस्टल शीट इथे चालत नाही, आतले थर सरकून पाकळ्या लहानमोठ्या होतात. पतंगाचा कागद उत्तम. जो भाग कापून जाणार आहे तिथे स्टेपलरची एक पिन मारून ठेवा, थर हलत नाहीत. तेच चिन्ह काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं असं शेजारी लावलं की काळ्यावरचं पांढरं मोठं भासतं, हे मुलं न सांगता ओळखतात.

कोरिनची नदी

आत्ता तुकडी इथे आहे. जपानी चित्रकार ओगाता कोरिनची लाल-पांढऱ्या उमे (जपानी आलुबुखारा) फुलांच्या घडीच्या पडद्यांची जोडी, जपानमधल्या आतामीच्या एमओए संग्रहालयातली. प्रत्येक पडदा दोन पाटांचा, मधून वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी गडद नदी, डावीकडे पांढऱ्या फुलांचं झाड, त्याचं खोड बरंचसं चौकटीबाहेर. या जोडीचं ६ × ९ सेंमीत दोनच टोनांत चित्र करायचं, जाड मार्करने. बारीक पेन दिलं की मुलं फुलं मोजत बसतात.

अडतंय ते सोनेरी जमिनीपाशी. ती ‘रंगीत’ आहे म्हणून मुलं तिला राखाडी करू पाहतात. राखाडी नाहीच म्हटल्यावर काही जण ती काळी करतात आणि नदी गायब होते. डोळे किलकिले करून बघायला सांगितलं की सोनं उजेडाच्या बाजूला जातं. मोबाइलवर फोटो काळा-पांढरा करून घेण्याचा हट्टही होतो. तो मान्य करत नाही; फोन पाण्यातल्या भोवऱ्यांचे शेकडो तुकडे करतो आणि काय जोडायचं हे ठरवायचं काम मुलांच्या हातून जातं. मर्यादा सातच आकारांची, पांढरे धरून. मग चित्र उलटं करून दोन मीटरवरून बघायचं. नदी नदी न वाटता नुसता आकार म्हणून टिकली तर पास.

पुढच्या पाठाला जपानी छापाचित्रकार हिरोशिगेचं १८५७ चं ‘कामेइदोची उमेबाग’ हे चित्र घेतोय. पुढच्या खोडाने कागदाची जी पांढरी चौकटं पाडली आहेत, फक्त तीच कापायची. काळं काहीच कापायचं नाही. त्यासाठी खाली काळी कार्डशीट आणि तिच्यावर चिकटवायच्या तुकड्यांसाठी पांढरी पेस्टल शीट लागेल. कात्री आत वळत नाही, म्हणून कटर आणि कटिंग मॅटही आणायला सांगितलं आहे.