तुम्ही विचारलंत म्हणून: चौक का लिहीत नाही

'लातुरात बसून नकाशावर पॅटिओ कसला लिहिता? चौक म्हणायला लाज वाटते का?' घरांचे नकाशे काढून द्यायला लागलो तेव्हापासून हे ऐकतोय. लाज नाही वाटत. औसा तालुक्यातल्या चौकाच्या, म्हणजे मधे उघडं अंगण असलेल्या, वाड्यात वाढलोय मी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून उशिरा निजलो होतो. आम्ही दाराशी ढाळजेत, आज्जी उकडतंय म्हणून चौकात बाजेवर. चार वाजायच्या आत जमीन हलली. उघड्यावरचा माणूस वाचतो म्हणतात. आमच्या चौकाभोवती दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, त्यांवर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, ओझं. सगळं आत आलं. अण्णा दुपारपर्यंत हातांनी दगड उपसत होते. आधी तिच्या उशाचा तांब्या निघाला, चेपलेला. अण्णांनी तो धोतराला पुसला, बाजूला ठेवला आणि पुन्हा उपसायला लागले.

पुढं लातुरात घर बांधताना नकाशा मीच काढला. मधे उजेडासाठी मोकळी जागा सोडून 'चौक' लिहिलं. अण्णांनी त्या अक्षरांवर नुसता अंगठा घासला. पेन्सिल होती, पुसली गेली. मी 'पॅटिओ' लिहिलं.

"हे काय लिहिलास?"

"बाहेरचा शब्द आहे, अण्णा."

"असू दे मग."

या शब्दात आपलं काहीच नाही, असं तेव्हा वाटलं होतं. साफ चूक. शब्द स्पॅनिश, आणि मूळ अर्थ भोवती खोल्या, वर आभाळ. चौकच तो! स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलहंब्रा राजवाड्यातलं चौदाव्या शतकातलं सिंहांचं प्रांगणही पॅटिओच. काही अभ्यासक या शब्दाचं मूळ दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत शोधतात. तिथं अर्थ पडीक रान, गुरं चरायची जागा. आपलं गायरान. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात आला आणि अमेरिकेत घरामागच्या फरसबंद जागेलाही तेच नाव पडलं. लोक माझ्याकडं मागतात तो हाच: स्वयंपाकघरामागं शहाबादी टाकलेला तुकडा. त्याला परस म्हणावं. तिथं मी पॅटिओ लिहितो ते गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून, हे कबूल.

पण आमच्या घरातला? ज्या शब्दापासून अण्णांना वाचवायला गेलो, तोच दुसऱ्या भाषेतून घरात आणून बसवला. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. ते त्या जागेचं नावच घेत नाहीत, 'उजेडात बसतो' म्हणतात. कॉलम-बीमचं घर आहे, भिंती पडायच्या नाहीत, हे सांगून झालंय. तरी खुर्ची मधोमध ओढून घेतात.